नाना, मस्टँग आणि पाचवं अक्षर

मस्टँग भारी की कॅमारो, हा प्रश्न जळगावात कुणाला पडायचं काही कारण नव्हतं. आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये तो रोज साडेदहाच्या चहाला पडायचा आणि पाडणारा माणूस एकच होता.

त्यांना सगळे नाना म्हणायचे. मोटार मेकॅनिकचे इन्स्ट्रक्टर. मी ड्रॉइंग शिकवायचो, आमची टेबलं शेजारी शेजारी होती, त्यामुळे अकरा वर्षं हा वाद माझ्या कानांनी सोसला. खरं तर दोन्ही अमेरिकन गाड्या मी फक्त चित्रात पाहिल्या होत्या. पण नानांना चिडवायला कुणीतरी समोर लागायचं, म्हणून मी कॅमारोचा पक्ष घेतला होता.

"कॅमारोला जोर आहे," मी म्हणायचो.

"जोर बैलालाही असतो," नाना बशीत चहा ओतत म्हणायचे. "पाय दाबला की तिचा मागचा भाग उड्या मारतो. मागच्या स्प्रिंगच्या पाट्या हलक्या. सिग्नलवरून सुटताना लोकांनी बघावं म्हणून केलेली गाडी ती. मस्टँग वळणावर बघ. वळणावर गाडी कळते, सर. आणि लिहून ठेव, लोक जपून ठेवतील ती मस्टँगच."

हे ज्ञान कुठून आलं, तर कुवेतहून. तरुणपणी नाना तिथल्या एका गॅरेजात आठ वर्षं होते. गॅरेजच्या मालकाकडे या दोन्ही गाड्या होत्या आणि दोन्हींची देखभाल नानांकडे होती, असं ते सांगत. वेल्डिंगचे सर यावर विश्वास ठेवत नसत. "नाना, एखादा फोटो तरी दाखवा ना गाडीसोबतचा," असं ते दर पंधरा दिवसांनी म्हणायचे. एरवी नाना पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत, पण राग आला किंवा फार आनंद झाला की दोंडाईच्याची अहिराणी बाहेर यायची.

"मी तठे काम कराले गयथू भो, फोटो काढाले नै!"

फोटो नव्हताच. एक जाडजूड इंग्रजी मॅन्युअल होतं, तेलाच्या डागांनी पानं चिकटलेलं, आणि उजव्या हातावर सायलेन्सरला भाजल्याचा लांबट डाग होता. विचारलं की सांगायचे, "हा कॅमारोचा. मस्टँगनं मला कधी भाजलं नाही."

त्यांच्या वर्गात 'अंदाजे' हा शब्द बंद होता. पोरानं "सर, अंदाजे दोन एमएम" असं म्हटलं की त्याला गेज हातात देऊन परत पाठवायचे. इंजिनाचा आवाज ऐकताना स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचे, मूठ कानाला, डोळे मिटलेले. त्या वेळी प्राचार्य जरी आले तरी थांबावं लागे. निळा कोट रोज धुऊन इस्त्री केलेला. वर्कशॉपच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली मधोमध कापलेलं इंजिन, आणि सकाळी आल्यावर पहिलं "जय भीम" फोटोला, मग आम्हाला. आणि कुणी चुकून "मिस्त्री" म्हटलं, की हातातलं काम खाली ठेवून शांतपणे म्हणायचे, "इन्स्ट्रक्टर." समोरच्यानं तो शब्द उच्चारेपर्यंत काम पुन्हा उचलायचे नाहीत. एकदा शिक्षण खात्याच्या साहेबाची गाडी अर्धा तास तशीच उभी राहिली होती.

आमच्या इन्स्टिट्यूटचे चेअरमन डाळ मिलचे मालक होते. माणूस वाईट नव्हता. जुन्या गाड्यांचं वेड खरं होतं, पैसाही होता. निवृत्तीनंतर नानांना त्यांनीच वर्षा-वर्षाच्या करारावर ठेवून घेतलं होतं. एका उन्हाळ्यात त्यांनी मुंबईच्या एका माणसाकडून एकदम दोन गाड्या घेतल्या. पिवळी मस्टँग आणि गडद हिरवी कॅमारो.

ट्रकमधून गाड्या उतरल्या तेव्हा आख्खं इन्स्टिट्यूट मेहरूण तलावाच्या बाजूच्या मैदानात जमलं होतं. नानांनी कॅमारोकडे बघितलंही नाही. मस्टँगभोवती एक फेरी मारली, बोनेटवर दोन्ही तळवे टेकवले आणि वाकून म्हणाले, "कशी शेस, बाई?"

वेल्डिंगचे सर त्या दिवसापासून फोटो मागायचे बंद झाले.

चेअरमनसाहेबांचा बेत असा होता. इन्स्टिट्यूटच्या वर्धापनदिनाला गाड्यांचं प्रदर्शन भरवायचं. कॅमारो स्वतःकडे ठेवायची आणि मस्टँग नाशिकच्या एका संग्राहकाला विकायची. तो माणूस मस्टँगसाठीच येणार होता. त्याच्यासमोर, स्टेजवर, दोन्ही गाड्यांची तुलना वाचली जाईल. चालायला कोणती सरस, संग्रहात ठेवायला कोणती मोलाची. इन्स्टिट्यूटच्या लेटरहेडवर, नानांच्या सहीनं.

"नाना, तुमच्याशिवाय हे कोण करणार?" चेअरमन म्हणाले.

नानांनी दोनशे पानी वही आणली. आठवडाभर आम्ही दोघं त्या गाड्यांमागे होतो. सकाळी सातला एमआयडीसीतल्या सरळ रस्त्यावर नाना चालवायचे, मी स्टॉपवॉच धरून उभा. मला वाटलं होतं की इतक्या वर्षांनी त्यांचे हात थरथरतील. पहिल्या दिवशी थोडे थरथरलेही. दुसऱ्या दिवशी मस्टँग माझ्यासमोरून गेली तेव्हा आत सत्तरीला टेकलेला माणूस आहे असं वाटलं नाही. गाडी परत आणून उभी केली, काच खाली केली आणि ओरडले, "दिखनं का? वळणवर दिखनं का?"

कॅमारोही त्यांनी तितकीच नीट चालवली, हे सांगायला हवं. तिचा वेग सरळ रस्त्यावर जास्त भरला तर तो आकडा दोनदा तपासून लिहिला. तोंड वाकडं करून लिहिला, पण लिहिला. ब्रेक, वळण, गिअरची बैठक, उन्हात उभी राहिल्यावर इंजिन किती तापतं, सगळं वहीत गेलं. चालण्याच्या बाबतीत निकाल मस्टँगच्या बाजूनं लागला आणि नाना त्या दिवशी सगळ्या स्टाफला चहा पाजून मोकळे झाले.

शेवटचं काम नंबरांचं होतं. संग्राहकाला गाडी किती पळते यापेक्षा ती जशी कारखान्यातून निघाली तशीच आहे का, हे जास्त महत्त्वाचं असतं, हे मला नानांनीच समजावलं. त्या काळच्या मस्टँगच्या नंबरातलं पाचवं अक्षर सांगतं की गाडी कोणतं इंजिन घेऊन जन्माला आली. ते अक्षर बोनेटखाली, पुढच्या मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेलं असतं.

नानांनी पेट्रोलमध्ये चिंधी बुडवून पत्रा पुसला. टॉर्च दातात धरला. एकेक अक्षर बोटानं चाचपत ते सांगत होते, मी लिहीत होतो. चार झाली. पाचव्याला ते थांबले. पुन्हा पुसलं. टॉर्च दातातून काढून माझ्या हातात दिला.

"तू वाच."

मी वाकून वाचलं. "टी."

"नीट बघ."

"टीच आहे, नाना."

ते बाजूला झाले, मॅन्युअल उघडलं, चिकटलेली पानं नखानं सोडवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. टी म्हणजे सहा सिलिंडर, एका ओळीत. सगळ्यात साधं इंजिन. बोनेटखाली तर आठ सिलिंडरचं दणदणीत इंजिन बसलेलं होतं. कुणीतरी साधी गाडी घेऊन तिच्यात नंतर मोठं इंजिन घातलं होतं, बाहेरून पट्टे रंगवले होते, बिल्ले लावले होते. काम छान होतं. गाडी खोटी होती.

मग त्यांनी कॅमारो तपासली. इंजिनावर ठोकलेला नंबर चेसीसच्या नंबराशी जुळला. कारखान्यानं आत लावलेली नंबरपट्टीही जुळली. पहिल्या खिळ्यापासून शेवटच्या खिळ्यापर्यंत खरी.

नाना वर्कशॉपच्या पायरीवर बसले. मी शेजारी.  ते म्हणाले, "तीस वर्षं शिव्या दिल्या मी तिला."

"मग आता?"

"आता काय? लिहायचं."

दुसऱ्या दिवशी चेअरमनसाहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. वही त्यांच्यासमोर उघडी होती.

"नाना, पाचवं अक्षर कोण बघतं हो?"

"मी बघतो."

"हे बघा, चालण्याचं तुम्ही फार सुंदर लिहिलंय. तेवढंच वाचा. हे शेवटचं पान नको."

"चालेल," नाना म्हणाले. "मग संग्रहासाठी कोणती मोलाची, हेही वाचणार नाही. आणि 'ओरिजिनल' हा शब्द पाटीवरून काढा."

"पाहुणा ओरिजिनल म्हणूनच येतोय ना! मलाही मुंबईवाल्यानं तसंच सांगितलं होतं. मला तरी कुठं माहीत होतं?"

"काल नव्हतं साहेब. आज आहे."

चेअरमन चिडले. "इतका जुना पत्रा, एखादं अक्षर पुसट असेल. मिस्त्री लोकांची नजर..."

"इन्स्ट्रक्टर."

 नाना उभेच.  चेअरमननी तो शब्द उच्चारला नाही. ते माझ्याकडे वळले. "सर, तुम्हीपण होतात ना तिथं? तुम्ही सही करा. गाडी ओरिजिनल दिसते, एवढंच लिहायचं. 'दिसते'. त्यात काय खोटं आहे?"

 घरी दोन मुलींची शिक्षणं चालू होती, वय पन्नाशीकडे झुकलेलं. मी म्हणालो, "साहेब, मी ड्रॉइंगचा माणूस. इंजिनातलं मला काही कळत नाही."

बाहेर आल्यावर मला वाटलं, वाचलो. सहीही केली नाही आणि साहेबही दुखावले नाहीत. नाना जिन्यात थांबले.

"तू नाही म्हणाला नाहीस," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तू सुट्टी मागितलीस."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी अकरा वर्षांत कधी सांगितली नव्हती. त्यांचे वडील दोंडाईच्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. राहत्या खोलीच्या कागदावर कुणीतरी त्यांचा अंगठा घेतला. घरपट्टीचा कागद आहे असं सांगितलं होतं. निघाला खोली सोडल्याचा. "बाप तीन दिवस त्या अंगठ्याकडे बघत बसला होता," नाना म्हणाले. "मला शाळेत घालताना मास्तरांना एवढंच म्हणाला, याले सही शिकाडा. बाकी काय शिकाडानं ते तुम्ही पहा."

प्रदर्शनाच्या दिवशी मैदानात मांडव होता. दोन्ही गाड्या चकचकीत पुसून उभ्या. नाशिकचे पाहुणे पहिल्या रांगेत, पांढरा सदरा, शांत माणूस. मस्टँगसमोर 'ओरिजिनल' लिहिलेली पाटी तशीच होती. मला वाटलं, नाना येणारच नाहीत. ते आले. इस्त्रीचा निळा कोट, खिशाला पेन, हातात वही. सूत्रसंचालकानं आधीच ठरल्याप्रमाणे त्यांचं नाव पुकारलं. चेअरमन हसत होते. नाना आलेत म्हणजे समजून घेतलंय, असा त्यांचा समज झाला असावा.

नानांनी चालण्याचं सगळं वाचलं. मस्टँगच्या वळणाचं वर्णन तर असं वाचलं की लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पान उलटलं.

"आता संग्रहाचं. हिरवी कॅमारो पूर्ण अस्सल आहे. पिवळी मस्टँग मूळची सहा सिलिंडरची. तिच्यात आठ सिलिंडरचं इंजिन नंतर..."

माइक बंद पडला. म्हणजे बंद केला. नानांनी एकदा माइककडे बघितलं, तो बाजूला सरकवला आणि ज्या आवाजात ते चालू इंजिनाच्या वर पोरांना शिकवायचे त्या आवाजात म्हणाले, "माइक बंद व्हस! लोखंड बंद व्हत नै! हाई गाडी चालाले एक नंबर शे, पन तिना अंगवरनी पाटी खोटी शे. ज्याले पहानं व्हई त्यानी टॉर्च लईसन यावं!"

 नाशिकचे पाहुणे उठले, खिशातून मोबाइल काढला, त्याचा टॉर्च लावला आणि मस्टँगपाशी गेले. नाना स्टेजवरून उतरले, बोनेट उचलून, गुडघे धरत त्यांच्या शेजारी वाकले आणि बोटानं जागा दाखवली. दोघं पाच मिनिटं तिथं वाकून होते. मी माझ्या खुर्चीत बसून होतो. मी उठलो असतो तर काय झालं असतं, हे मी नंतर पुष्कळ वेळा मनात घोळवलं आहे.

पाहुण्यांनी मस्टँग घेतली नाही. चार दिवसांनी त्यांनी कॅमारो मागितली आणि अशी किंमत सांगितली की चेअरमनना नाही म्हणवेना. स्वतःसाठी ठेवलेली गाडी गेली, विकायची होती ती राहिली.

नानांचा करार पुढे वाढला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी खुंटीवरचा कोट घडी केला, मॅन्युअल पिशवीत टाकलं, बाबासाहेबांचा फोटो वर्तमानपत्रात गुंडाळला. वर्गावर्गात जाऊन "जय भीम" म्हणाले, शिपायापासून प्राचार्यांपर्यंत. मला म्हणाले, "धुळ्याला ये कधी. पोरगी तिथं नर्स आहे. तिच्याकडे चाललो." कुणी वाईट वाटल्याचं बोलू लागलं की हात वर करून थांबवायचे. "काय झालं? माझं काही गेलं नाही. माझं जे होतं ते या पिशवीत आहे."

धुळ्यात त्यांनी हायवेच्या कडेला पत्र्याची शेड घेतली. ट्रक, जीप, ट्रॅक्टर, काहीही. मी दोनदा जाऊन आलो. ते त्या प्रसंगाबद्दल बोलायचे नाहीत, मीही नाही. फक्त कॅमारोबद्दलचं मत बदललं का, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "खरी आहे ती. म्हणून चांगली आहे असं कोण म्हणालं?"

मस्टँग डाळ मिलच्या गोडाऊनमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. दीडेक वर्षानं चेअरमनसाहेबांनी मला बोलावलं. गाडी सुरूच होत नव्हती. पुण्याचा मेकॅनिक येऊन गेला, मुंबईचा येऊन गेला. "नाना बघतील का?" त्यांनी विचारलं. विचारताना माझ्याकडे न बघता टेबलावरच्या काचेकडे बघत होते.

गाडी ट्रकवर चढवली. मी आणि चेअरमन मागे त्यांच्या गाडीत.  पारोळा मागे पडल्यावर चेअरमन एकदम म्हणाले, "सर, त्यांनी मला केबिनमध्येच सांगितलं होतं हो. मीच ऐकलं नाही."

नाना शेडमध्ये एका जीपखाली होते. बाहेर आले, हात पुसले, आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. चेअरमन उभेच होते. म्हणाले, "इन्स्ट्रक्टरसाहेब, गाडी बघता का?"

नानांच्या चेहऱ्यावर काही हललं, पण ते तेवढंच. "बघतो. आधी एक कागद."

त्यांनी कोरा कागद आणि पेन चेअरमनसमोर ठेवलं. "लिहा. ही गाडी मूळची सहा सिलिंडरची आहे. आताचं इंजिन नंतर बसवलेलं आहे. ज्याला देईन त्याला हे सांगून देईन. खाली सही."

चेअरमन लिहू लागले. आयुष्यात कुणी त्यांना असं समोर बसवून लिहायला लावलं नसेल. नाना मागे उभं राहून वाचत होते. "सिलिंडरला पहिली वेलांटी," ते म्हणाले. चेअरमननी दुसरी खोडून पहिली दिली. सही केली. कागद वर धरून म्हणाले, "आता हिला कोण घेणार, नाना?"

"ज्याला चालवायची असेल तो घेईल. मला विचाराल तर विकूच नका. चालवा."

मग नानांनी तो कागद चेअरमनच्या हातातून घेतला आणि माझ्यासमोर ठेवला. "साक्षीदार."

मी पेन काढलं. नाना पेनाकडे बघत होते. मी पेन परत खिशाला लावलं, उठलो, शेडच्या खुंटीवरचा टॉर्च घेतला आणि ट्रकवर चढलो. बोनेट उचललं. पत्र्यावर धूळ बसली होती. रुमालानं पुसली, वाकलो आणि सगळा नंबर मोठ्यानं वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. खाली उतरून माझं पूर्ण नाव लिहिलं, त्याखाली 'ड्रॉइंग इन्स्ट्रक्टर' लिहिलं आणि सही केली.

नानांनी ती शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मग बाह्या वर केल्या आणि ट्रकवाल्याला ओरडले, "उतार भो तिले! किती दिन झोपाडशी?"